घाट, घाम आणि मागे राहिलेला मास्तर

रविवारी पहाटे साडेचारला स्वतःहून उठणाऱ्या माणसांबद्दल माझं एकेकाळी ठाम मत होतं. एकतर त्यांच्या घरी तान्हं बाळ असतं, नाहीतर त्यांच्या डोक्यात काहीतरी गडबड असते. गेल्या दोन वर्षांत मी स्वतःच त्या जमातीत सामील झालो. घरी तान्हं बाळ नाही. आता काय ते तुम्हीच समजून घ्या!

तर मंडळी, मी राहतो कळंबोलीत. सिडकोची बिल्डिंग, तिसरा मजला, लिफ्ट नाही. कळंबोली म्हटलं की लोक म्हणतात, 'अरे हो, पुण्याला जाताना लागतं ते!' आमच्या गावाची ओळखच ती. लागतं ते. इथं स्टील मार्केट आहे, लांबच लांब ट्रेलर आहेत, लोखंडाच्या कॉइल वाहणाऱ्या गाड्यांचे रात्रभर हॉर्न आहेत. आणि इथूनच सुरू होतो मुंबई-पुणे एक्स्प्रेस वे. साडेचौऱ्याण्णव किलोमीटरचा, २००२ साली पूर्ण झालेला, देशाला 'एक्स्प्रेस वे' हा शब्द शिकवणारा रस्ता. तो आमच्या दारातून सुरू होतो, पण तिथं सायकलला सक्त मनाई. बैलगाडी, रिक्षा, ट्रॅक्टर, पायी चालणारे आणि आम्ही, सगळे एकाच रांगेत. सगळ्यांना बाहेरचा रस्ता.

हा बाहेरचा रस्ता म्हणजे जुना मुंबई-पुणे हायवे. पळस्पे फाटा, शेडुंग, चौक, खालापूर, खोपोली आणि मग बोरघाट. मागच्या ऑक्टोबरमध्ये एका रविवारी आम्ही चौघं या रस्त्यानं लोणावळ्याला निघालो. जाऊन-येऊन शंभराच्या वर किलोमीटर, एका दिवसात. त्या दिवसाबद्दल मी ऑफिसमध्ये बऱ्याच बढाया मारल्या. चढ किती, ऊन किती, घाम किती. एक गोष्ट मात्र तेव्हा गाळली. आज ती सांगतोय.

टीम

बँकर हा आमचा कॅप्टन. खरं तर त्याला कोणी कॅप्टन केलं नव्हतं. पण ज्याच्या सायकलवर जीपीएसवालं मीटर तो कॅप्टन, असा जगाचा नियमच आहे. तो तेव्हा दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेची तयारी करत होता. हा प्रकार माहीत नसेल तर सांगतो, २०० किलोमीटर साडेतेरा तासांत संपवायचे. पहिला-दुसरा नंबर नसतो, पण घड्याळ सुटत नाही. त्यामुळे बँकरच्या बोलण्यात दर पाच मिनिटांनी 'अॅव्हरेज' हा शब्द यायचा. बायकोच्या वाढदिवसाला उशिरा पोचला तरी म्हणेल, अॅव्हरेज पडला.

दुसरी मॅडम. आर्किटेक्ट आहे, कामोठ्याला राहते. बोलते कमी, चालवते जास्त.

तिसरा मी. बेलापूरला एका लॉजिस्टिक्सच्या ऑफिसात कंटेनर कुठं अडकलाय हे लोकांना गोड शब्दांत सांगण्याचा पगार घेतो. नवीकोरी हायब्रिड सायकल, बारा महिन्यांच्या ईएमआयवर.

आणि चौथा मास्तर. माझा पाचवीपासूनचा दोस्त. रोडपालीला राहतो आणि बारावीला फिजिक्स शिकवतो. लहानपणी आम्ही दोघं तासावर भाड्यानं सायकल घ्यायचो. एका सायकलवर दोघं, अर्धा तास तू, अर्धा तास मी. दुकानदाराच्या घड्याळापेक्षा आमचं घड्याळ नेहमी पाच मिनिटं मागे असायचं. मास्तरकडे आता जाड टायरची जुनी एमटीबी आहे. ती डांबरी रस्त्यावर चालवणं म्हणजे गमबूट घालून मॅरेथॉन. पण तो म्हणाला, 'येतो रे, बरेच दिवस झाले आपल्याला.'

खरंच बरेच दिवस झाले होते. त्याचं कारण पुढे येईल.

पळस्पे ते खोपोली

पाचला सर्कलवर भेटायचं ठरलं. साडेपाचला निघालो. एवढं मराठी माणसाला माफ असतं. अंधारात सगळ्यांचे मागचे लाल दिवे लुकलुकत होते आणि बाजूनं ट्रेलर असे जात होते की आख्खी बिल्डिंग चाललीय असं वाटावं. पळस्पे फाट्यावर गोव्याचा रस्ता उजवीकडे सुटला, आम्ही पुण्याकडे वळलो. उजाडू लागलं. एकीकडे कर्नाळ्याचा अंगठा, दुसरीकडे प्रबळगडाचा भलामोठा पसारा. पाऊस नुकताच संपलेला, भाताला लोंब्या आलेल्या. ऑफिसचा ग्रुप म्यूट, बॉस झोपलेला. लाइफ एकदम सेट!

शेडुंगच्या जवळ मास्तरचा मागचा टायर बसला. ट्रकचे रेडियल टायर फाटले की त्यातल्या बारीक तारा रस्त्यावर पडतात, तशीच एक तार. डोळ्यांना दिसत नाही, बोटाला टोचते तेव्हा कळतं. ट्यूब बदलली, पण तार टायरमध्येच राहिली होती. दहा मिनिटांत दुसरी ट्यूबही गेली. तिसऱ्यांदा मॅडमनं टायर आतून बोटानं चाचपत चाचपत ती तार शोधली आणि नखानं उपटून काढली. पाऊण तास गेला. बँकर काही बोलला नाही, फक्त मीटरकडे बघत राहिला. ते बोलण्यापेक्षा वाईट.

आठच्या सुमारास चौकला चहा. चौक म्हणजे नेताजी पालकरांचं गाव. तिथून वर बघितलं की इरशाळगडाचा सुळका दिसतो. आधी आमच्या ग्रुपवर त्या गडाचे सेल्फी यायचे. १९ जुलै २०२३ च्या रात्री त्याच्याच कुशीतल्या इरशाळवाडीवर दरड कोसळली. तेव्हापासून तिकडे बघताना बोलणं आपोआप थांबतं. त्या दिवशीही थांबलं. चहा संपवून निघालो.

खोपोलीला पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. प्लॅनप्रमाणे तेव्हा आम्ही खंडाळ्यात भजी खात असायला हवे होतो. ऑक्टोबरचं ऊन म्हणजे काय ते तुम्ही फक्त पार्किंगपासून लिफ्टपर्यंत अनुभवलं असेल. आम्ही ते पाच तास अंगावर घेतलं होतं. वडापाव खाल्ले. मास्तरनं एकच खाल्ला आणि अर्धा बाजूला ठेवला. ते मी बघितलं होतं. बघितलं आणि सोडून दिलं.

खोपोलीला टाटांचं वीजकेंद्र आहे, १९१५ पासूनचं. वर लोणावळ्याच्या तलावांमधलं पाणी पाइपांतून खाली सोडतात आणि त्यावर वीज तयार होते. मास्तर पाइपांकडे बोट दाखवून म्हणाला, 'बघ, पाणी फुकट खाली येतंय आणि आपण पैसे खर्च करून वर चाललोय.' मग त्यानं पेपर नॅपकिनवर हिशोब मांडला. तो आणि सायकल मिळून नव्वद किलो. खोपोली ते लोणावळा उंचीचा फरक साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे नुसतं वर उचलायला ४८५ किलोज्यूल. त्यात माणसाचं शरीर म्हणजे भंगार इंजिन, चारातला एक भाग पॅडलपर्यंत पोचतो, बाकीची उष्णता. 'तेव्हा साडेचारशेच्या वर कॅलरी फक्त उंचीच्या,' तो म्हणाला. 'आणि मी खाल्लाय अर्धा वडापाव.'

आम्ही सगळे हसलो. जोक म्हणून. आता वाटतं, तो सांगत होता.

'वर भेटू'

निघताना बँकर म्हणाला, 'घाटात प्रत्येकानं आपापल्या पेसनं यायचं. जुना रस्ता वर एक्स्प्रेस वेला मिळतो ना, त्याच्या अलीकडे थांबू. तिथून पुढे एकत्रच जायचं.' वाक्य बरोबर होतं. घाटात दुसऱ्याच्या स्पीडनं चढणं हे फार कठीण काम आहे, हळू असो की जोरात. चढावर ज्याचे पाय त्याचेच. मास्तर म्हणाला, 'तुम्ही व्हा पुढे, मी येतो डुलत डुलत.' मी म्हणालो, 'ओके, वर भेटू.'

आता बोरघाटाविषयी. कारमधून हा घाट तुम्ही गाण्याच्या तीन-चार ट्रॅकमध्ये पार करता. सायकलवर तो एकेक मीटर मोजून देतो. सरासरी बघितली तर शंभर मीटरला पाच-सहा मीटर चढ, पण सरासरी हा शब्द बँकरसारख्यांसाठी. मधले काही पट्टे असे खडे आहेत की सगळ्यात हलका गिअर टाकून झाल्यावरही अंगठा आणखी एक गिअर शोधत राहतो. नसतो तो. मग मान खाली घालायची आणि पुढच्या चाकासमोरचं दोन फूट डांबर बघायचं. वर बघितलं की संपलात. ट्रक पहिल्या गिअरमध्ये कण्हत बाजूनं जातात, त्यांच्या सायलेन्सरची गरम वाफ पोटऱ्यांवर येते. उतरणाऱ्या गाड्यांच्या ब्रेकचा जळका वास. हेल्मेटमधून घाम थेट डोळ्यांत. नाडी कानात ऐकू येते.

आणि तरी सांगतो, त्या तासाभरात मी प्रचंड खूश होतो. पहिल्यांदाच न थांबता चढत होतो. सहा महिन्यांपूर्वी याच घाटात मी तीनदा उतरलो होतो. आता मॅडम माझ्यापुढे पन्नास मीटरवर होती आणि ते अंतर वाढत नव्हतं! एका वळणावर मागे बघावंसं वाटलं. पण मागे बघितलं की सायकल डुलते, लय तुटते. नाही बघितलं.

बरोबर बाराला मी ठरलेल्या जागी पोचलो. बँकरनं हाय फाइव्ह दिला. म्हणाला, 'सॉलिड! पर्सनल बेस्ट.' मी फोटो काढला, टाकला. एकोणीस लाइक्स आल्यावर बाटलीतलं पाणी संपलंय हे कळलं. आणखी इलेक्ट्रॉल करावं म्हणून बॅग उघडली.

बॅगेत इलेक्ट्रॉलची आठ पाकिटं होती. चौघांची. सकाळी निघताना सामान वाटून घेतलं होतं. पंप आणि ट्यूब मॅडमकडे, टूलकिट बँकरकडे, ओआरएस, ग्लुकोज आणि चिक्की माझ्याकडे. कारण मास्तरच्या सायकलला कॅरिअर नव्हतं आणि मी म्हणालो होतो, 'तुझं पण दे इकडे, तुला वजन नको.'

म्हणजे मास्तर ऑक्टोबरच्या उन्हात, बोरघाटात, अर्ध्या वडापाववर होता. नुसतं पाणी घेऊन.

चाळीस मिनिटं

मी फोन लावला. वाजला, उचलला नाही. पुन्हा लावला, आउट ऑफ रेंज. घाटात रेंज येते-जाते, त्यात घाबरण्यासारखं काही नाही असं आम्ही एकमेकांना सांगितलं. दहा मिनिटं. वीस मिनिटं. चढ चालत येणारा माणूसही कुठंतरी दिसायला हवा होता. एक टेम्पोवाला थांबला, त्याला विचारलं. तो म्हणाला, 'सायकलवाला? नाय बघितला.'

अशा वेळी डोकं नको ते दाखवायला लागतं. एप्रिल २०२३ मध्ये याच जुन्या घाटात, शिंग्रोबाच्या देवळाजवळ बस दरीत कोसळून किती जीव गेले होते ते आठवलं. दर वळणावर तुटलेले कठडे बघत आलो होतो, तेही आठवलं. बँकर म्हणाला, 'पंक्चर असेल.' मॅडम त्याच्याकडे बघून म्हणाली, 'ट्यूब माझ्याकडे आहेत.' त्यानंतर कोणी बोललं नाही.

चाळीस मिनिटं मी तिथं उभा होतो. खरं सांगू? त्यातली पहिली पंधरा मिनिटं मी मास्तरची काळजी करत नव्हतो. मला राग आला होता. इतका कसला हळू, आता परत जायला अंधार होणार, प्लॅन बोंबलला. आणि त्याखाली आणखी एक विचार होता, तो इथं लिहिताना लाज वाटतेय. खाली गेलो तर जे चढलोय ते सगळं पुन्हा चढावं लागणार.

शेवटी मी सायकल फिरवली. जो घाट चढायला घाम निघाला तो काही मिनिटांत पायाखालून निघून गेला. ब्रेक दाबून बोटं दुखली. प्रत्येक वळणावर उजव्या-डाव्या कडेला बघत होतो. एका वळणावर रस्त्यावर काहीतरी निळं पडलेलं दिसलं आणि पोटात गोळा आला. सिमेंटची गोणी होती.

शिंग्रोबापाशी

मास्तर शिंग्रोबाच्या देवळापाशी होता. सावलीत, भिंतीला टेकून, पाय पसरून. चेहरा पांढराफटक. सायकल बाजूला आडवी. एक नारळवाल्या मावशी त्याच्या पोटऱ्या आपल्या हातानं दाबून देत होत्या. गोळे आले होते दोन्ही पायांत, असे की बाहेरून गाठ दिसत होती. दोनदा उलटी झाली होती. फोन सायकलच्या पिशवीत होता आणि तिथपर्यंत जायला त्याला उठता येत नव्हतं.

मावशींनी माझ्याकडे बघितलं. हेल्मेट, काळा गॉगल, चमकणारी जर्सी.

'तुमच्याच बरोबरचा ना हा?'

'हो.'

'मग पुढं कसे गेलात?'

याचं उत्तर माझ्याकडे होतं. पेस, लय, गिअर, सगळं समजावून सांगता आलं असतं. मी बॅग उघडून इलेक्ट्रॉलचं पाकीट फोडलं.

उन्हात चढ चढताना तासाला लिटरभर घाम सहज जातो आणि त्याबरोबर मीठही जातं. मास्तरनं पाणी भरपूर प्यायलं होतं, साधं पाणी, आणि मीठ कशातूनच गेलं नव्हतं. फिजिक्सचा मास्तर, पण ही केमिस्ट्री. घोट-घोट करून दोन बाटल्या त्याला पाजल्या. डोक्यावर ओला रुमाल ठेवला. मावशींनी पैसे न घेता शहाळं फोडून दिलं. हॉस्पिटलला न्यायचं का, म्हणून विचारलं तर म्हणाला, अर्धा तास बघू. अर्ध्या तासानं त्याच्या ओठांना रंग आला तेव्हा माझे हात थरथरायचे थांबले.

देवळासमोरून जाणारे ट्रकवाले खिडकीतून नाणी टाकत होते. खण्ण आवाज यायचा. शिंग्रोबाची गोष्ट तुम्ही ऐकली असेल. असं सांगतात, इंग्रज इंजिनिअरांना घाटातून वाट सापडत नव्हती. शिंग्रोबा नावाच्या एका धनगरानं ती दाखवली, कारण तो रोज जनावरं घेऊन तिथून जायचा. मग साहेबानं बक्षीस विचारलं. त्यानं देशाचं स्वातंत्र्य मागितलं, तर त्याला गोळी घातली. हा रस्ता १८३० साली सुरू झाला, १८६३ ला रेल्वे वर पोचली. रस्त्याचं उद्घाटन करणारे गव्हर्नर माल्कम पुस्तकांत आहेत. वाट दाखवणारा इथं कडेला, वळणावर. पुढे जाणारे नाणं टाकतात आणि थांबत नाहीत. लहानपणापासून शंभर वेळा मीही एसटीच्या खिडकीतून हात जोडलेत. उतरलो त्या दिवशी पहिल्यांदा.

थोड्या वेळानं मास्तरला बोलावंसं वाटलं. तो हळूच म्हणाला, 'तुझी सवयच आहे रे ही.'

'कसली?'

'वर भेटू म्हणायची.'

मला कळलं तो घाटाबद्दल बोलत नाहीये.

त्याच्या आधीच्या वर्षी मार्चमध्ये तो शिकवायचा ते क्लासेस बंद झाले होते. मुलं ऑनलाइनला गेली, मालकानं जागा सोडली, शेवटचे तीन महिन्यांचे पैसे बुडाले. मास्तरनं मला दोनदा फोन केला होता. दोन्ही वेळा मी मीटिंगमध्ये होतो. आमचं अप्रेझल चालू होतं. मी मेसेज टाकला, 'टेक केअर यार, जरा फ्री झालो की भेटू.' अंगठ्याचं चित्रही टाकलं. मग फ्री झालो नाही. प्रमोशन झालं, सायकल घेतली. त्यानं घरीच चार मुलांची बॅच सुरू केली, ते मला तिसऱ्याकडून कळलं. कळंबोली ते रोडपाली अंतर किती? सायकलनं दहा मिनिटं. चढ शून्य.

'पैसे मागायला नव्हता केला फोन,' तो म्हणाला. 'नुसतं बोलायचं होतं. घरी बोलता येत नव्हतं.'

मी सॉरी म्हणालो. तो म्हणाला, 'ठीक आहे रे.' मग म्हणाला, 'चिक्की आहे ना तुझ्याकडे?'

उरलेला घाट

अडीचला आम्ही निघालो. चालवायचा प्रश्नच नव्हता. दोन सायकली हातानं ढकलत चढायला लागलो. खास सायकलचे बूट घालून चढावर चालणं म्हणजे हाय हील्स घालून गडावर जाणं. माझी टकटक ऐकून मास्तर हसला, तेवढंच बरं वाटलं. मधे त्याच्या पोटरीत परत गोळा यायचा. मग थांबायचं, पाय ताणायचा, एक घोट, परत चालायचं.

चालताना वर नागफणीचा सुळका दिसत होता. सायकलवर असताना मला तो दिसलाच नव्हता, कारण मी दोन फूट डांबर बघत होतो. १८३० पासूनचा अमृतांजन पूल आता नाही, एप्रिल २०२० मध्ये लॉकडाउनच्या सुनसान दिवसांत पाडला. त्याच्याखालून जाताना आम्ही लहानपणी एसटीतून ओरडायचो, ते मास्तरला आठवलं. कोणत्या सहलीत कोणाला उलटी झाली तेही आठवलं. 'तेव्हा तुला झाली होती,' तो म्हणाला. 'आज हिशोब फिटला.'

त्यानं मला नाशिकच्या महाजन बंधूंबद्दलही सांगितलं. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन, दोघं भाऊ, दोघं डॉक्टर. २०१५ साली त्यांनी 'रेस अक्रॉस अमेरिका' दोघांच्या टीमनं पूर्ण केली. अमेरिकेच्या एका किनाऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत, सुमारे ४८०० किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. एक चालवायचा तेव्हा दुसरा गाडीत विश्रांती घ्यायचा, मग अदलाबदल. 'आपलं भाड्याच्या सायकलसारखं,' मास्तर म्हणाला. 'अर्धा तास तू, अर्धा तास मी.'

टूर द फ्रान्समध्ये 'डोमेस्टिक' नावाचे रायडर असतात, हे मला त्याआधीच माहीत होतं. टीमच्या मुख्य रायडरसाठी ते मुद्दाम मागे जातात, गाडीतून पाण्याच्या बाटल्या घेतात, जर्सीत कोंबतात आणि परत जोर मारून पुढे येतात. त्यांची नावं सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. मी त्यावर ऑफिसमध्ये टीमवर्कचं एक प्रेझेंटेशनसुद्धा केलं होतं. टाळ्या पडल्या होत्या.

बँकर आणि मॅडम ठरलेल्या जागेवरून हलले नव्हते. रेंज आल्यावर मी कळवलं होतं, तरी बँकर अर्धा किलोमीटर खाली चालत आला होता. त्यानं काही न बोलता मास्तरची सायकल हातात घेतली. थोडं पुढे गेल्यावर म्हणाला, 'चुकलं यार. मी घाई केली.' मास्तर म्हणाला, 'तू नाही, टायरनं केली.' मॅडम म्हणाली, 'आता सगळे गप चाला.' आम्ही गप चाललो.

खंडाळ्यात साडेचार वाजले. भजी आली. मास्तरनं दोन प्लेट खाल्ल्या आणि तिसरीकडे बघितलं, तेव्हा आम्हाला खात्री पटली. लोणावळा आणखी पुढे होतं, पण तिथपर्यंत जायची आता कोणालाच गरज वाटली नाही. त्या दिवशीचं माझ्या मीटरवरचं अॅव्हरेज इथं सांगण्यासारखं नाही.

बँकर आणि मॅडम दिवे लावून घाट उतरून घरी गेले. रात्री आठला दोघांचा 'पोचलो' असा मेसेज आला. मास्तरला आणि मला एका टेम्पोवाल्या दादांनी घेतलं. मागे सायकली, पुढे आम्ही दोघं त्यांच्या शेजारी दाटीवाटीनं. दादांनी गाडी सरळ एक्स्प्रेस वेला घातली. ज्या रस्त्यावर सायकलला मनाई, त्याच रस्त्यावरून आमच्या सायकली आडव्या पडून ऐटीत घरी आल्या. सकाळी ज्याला सहा-सात तास लागले ते तासाभरात संपलं. मास्तर माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपला होता. माझा हात सुन्न झाला, पण हलवला नाही.

तेव्हापासून

आता आमच्या ग्रुपचे तीन नियम आहेत. ओआरएस आणि खाऊ ज्याचा त्याच्याकडे, वजन झालं तरी चालेल. घाटात शेवटच्या माणसाच्या मागे एकजण कायम असणार, आळीपाळीनं. आणि खाणं अर्धं टाकलं की त्याला विचारायचं. नियम बँकरनं टाइप करून पाठवले, त्यात 'अॅव्हरेज' हा शब्द कुठंही नाही.

मास्तरच्या बॅचमध्ये आता अकरा मुलं आहेत. बुधवारी ऑफिसमधून आलो की मी रोडपालीला जातो. चहा पितो, तो पेपर तपासत असतो, मी कंटेनरच्या गोष्टी सांगतो. विशेष काही बोलतो असं नाही. परवा निघताना सवयीनं तोंडातून गेलं, 'चल, भेटू.'

तो म्हणाला, 'कुठं? वर?'

मी म्हणालो, 'नाही. इथंच. बुधवारी.'

पुढच्या महिन्यात परत बोरघाट आहे. या वेळी मागे राहायची पाळी माझी आहे, आणि मास्तरनं नवे, बारीक टायर घेतलेत. तो म्हणतो, मला आता त्याला गाठता येणार नाही. बघू. मावशींसाठी लोणावळ्याची चिक्की आणायची, एवढं मात्र ठरलंय. उतरताना त्यांच्यापाशी थांबणार आहोत, चौघंही.